हाडांसाठी इम्प्लांट घडवताना या चुका टाळा

तुटलेले हाड जोडण्यासाठी किंवा हाडातील पोकळी भरण्यासाठी नवे साहित्य शोधणाऱ्या तरुणांचे प्रस्ताव आणि अहवाल मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. साहित्य दरवेळी वेगळे असते, कधी जैवकाच, कधी मॅग्नेशियम, कधी त्रिमितीय छपाईने घडवलेला पॉलिमरचा साचा. चुका मात्र ठरलेल्या असतात. त्यांतील बहुतेक अज्ञानातून कमी आणि घाईतून अधिक होतात, असे माझे मत आहे.

निर्जंतुकीकरणाचा विचार शेवटी करणे

या चुकीवर मी सर्वाधिक वेळ घालवला आहे, म्हणून येथेही तिला सर्वाधिक जागा देतो. आमच्याकडील एका विद्यार्थ्याने पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये मिठाचे कण मिसळून, नंतर ते पाण्याने धुऊन काढून, स्पंजासारखे सच्छिद्र साचे तयार केले होते. तीन महिने खपून त्याने पुरेसे नग जमवले, त्यांची सच्छिद्रता आणि ताकद मोजली, त्यांच्यावर पेशीही वाढवून पाहिल्या. प्राण्यांवरील शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्याने सर्व नग पाकिटांत बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवले. ऑटोक्लेव्हमधील वाफ १२१ अंश सेल्सियसची असते आणि पीएलजीए साधारण ४५ ते ५५ अंशांनाच मऊ पडू लागतो. सकाळी पाकिटांत साचे उरले नव्हते. थिजलेल्या मेणासारखे गोळे होते.

त्यानंतरचा सल्ला माझा होता, त्यामुळे पुढची चूकही माझीच. कमी तापमानावर इथिलीन ऑक्साइड वायू वापरावा असे मी सुचवले आणि आकार टिकला म्हणून आम्ही समाधान मानले. हा वायू विषारी आहे आणि सच्छिद्र वस्तू तो धरून ठेवते, त्यामुळे नंतर नमुने पुरेसा काळ खेळत्या हवेत ठेवावे लागतात, याकडे मी घाईत दुर्लक्ष केले. साच्यांवर घातलेल्या पेशी दोन दिवसांत मेल्या, आणि पुढचा आठवडा आम्ही निरपराध पॉलिमरवर संशय घेण्यात घालवला. तिसऱ्या खेपेस आम्ही गॅमा किरणांचा नेहमीचा २५ किलोग्रेचा डोस दिला. या वेळी आकारही टिकला आणि पेशीही जगल्या. परंतु गॅमा किरण या पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, त्यामुळे त्याचे रेणुभार घटले आणि साचे आमच्या मोजमापांपेक्षा कितीतरी आधी भुगा होऊ लागले. म्हणजे ताकद आणि विघटन यांची आम्ही जपून ठेवलेली सारी आकडेवारी अशा पदार्थाची होती, जो त्या अवस्थेत कोणाच्याही शरीरात कधीच जाणार नव्हता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की प्रयोगवहीच्या पहिल्याच पानावर निर्जंतुकीकरणाची पद्धत लिहायची, आणि यांत्रिक असो वा जैविक, प्रत्येक चाचणी त्या पद्धतीतून गेलेल्या नमुन्यावरच करायची. यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात, अशी तक्रार मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी तिच्याकडे काणाडोळा करतो. मोठ्या उद्योगांनाही हा धडा स्वस्तात मिळालेला नाही. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील पॉलिएथिलीनच्या वाट्या बराच काळ हवेच्या सान्निध्यात गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जात असत. त्यातून उरलेल्या मुक्त मूलकांमुळे (साखळ्या तुटून राहिलेल्या अतिक्रियाशील तुकड्यांमुळे) त्यांचे ऑक्सिडीकरण होई आणि काही वाट्या वापरापूर्वीच, पाकिटात पडल्या पडल्या, ठिसूळ होऊ लागत.

ताकद म्हणजेच गुणवत्ता असे मानणे

‘आमचे साहित्य हाडापेक्षा दहापट ताठ आहे’ हे वाक्य अभिमानाने लिहिलेले दिसले की माझा हात लाल पेनाकडे जातो. लांब हाडाच्या घट्ट बाह्य थराचा ताठरपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल असतो. वैद्यकीय टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११०, तर पोलादाचा २००च्या घरात. मोडलेल्या हाडावर स्क्रूने बसवलेली ताठ धातूची पट्टी आणि हाड एकत्र भार उचलू लागले की भाराचा मोठा वाटा पट्टीकडे जातो आणि हाड रिकामटेकडे राहते. वापराप्रमाणे हाडाची रचना बदलते, हे जर्मन शस्त्रवैद्य यूलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. रिकामटेकडे हाड विरळ होत जाते, आणि पट्टी काढल्यानंतर ते पुन्हा मोडण्याचा धोका उरतो.

यावर नवशिक्यांचा ठरलेला उपाय म्हणजे साहित्यच बदलून टाकणे. मी आधी त्यांना कागदावर गणित मांडायला लावतो, कारण पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो आणि जाडी निम्मी केली की तो आठव्या हिश्श्यावर येतो. पुष्कळदा नव्या मिश्रधातूची गरजच नसते, भूमिती बदलून भागते. पण भूमितीवर शोधनिबंध लिहिणे कोणाला फारसे आकर्षक वाटत नाही, हेही मी पाहिले आहे. अर्थात पट्टी बारीक करताना थकवा-भंगाची, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने तुटण्याची, चाचणी टाळता येत नाही. चालणाऱ्या माणसाचा एक पाय वर्षाला साधारण दहा लाख पावले टाकतो, आणि एकदाच ताणून तोडलेला नमुना त्या दहा लाख पावलांबद्दल काहीच सांगत नाही.

ठोकळ्याची चाचणी करून त्याच्या झिजेतून पडणाऱ्या भुकटीला विसरणे ही याच विचारसरणीची दुसरी बाजू आहे. कृत्रिम खुबा घडवणारे ब्रिटिश शस्त्रवैद्य जॉन चार्नली यांनी सुरुवातीला खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडले. ते निसरडे आणि रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय होते, म्हणजे कागदावर आदर्शच होते. परंतु शरीरात ते काही वर्षांतच झिजले आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींमध्ये तीव्र प्रतिक्रिया उठवली. चार्नली यांनी तो पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन ही प्रतिक्रिया पडताळली आणि १९६२ मध्ये ते अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनकडे वळले. मांडीत टोचून घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही. झिजेचे कण गोळा करून पेशींवर त्यांची चाचणी घ्या, एवढे मात्र नक्की सांगेन.

कृत्रिम शरीरद्रवावर आंधळा विश्वास ठेवणे

रक्तद्रवासारखे आयन असलेल्या कोकुबो द्रावणात, म्हणजेच कृत्रिम शरीरद्रवात, नमुना बुडवायचा, आठवड्याने पृष्ठभागावर ॲपेटाइटचे (हाडातील खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचे) फुलोरे दाखवणारे सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र काढायचे आणि ‘साहित्य हाडाला चिकटते’ असे जाहीर करायचे, हा शॉर्टकट आता इतका रुळला आहे की त्याला कोणी शॉर्टकट म्हणतच नाही. हे द्रावण ॲपेटाइटच्या बाबतीत मुळातच अतिसंपृक्त असते, म्हणजे थोडा आधार मिळाला की त्यातून निक्षेप बाहेर पडतोच. शिवाय त्यात प्रथिने नसतात, पेशी नसतात, आणि प्रचलित पाककृतीत बायकार्बोनेट ४.२ मिलिमोलर असते, तर रक्तद्रवात ते सुमारे २७ असते. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडाशी उत्तम जुळते; तरीही या द्रावणात त्याच्यावर पुष्कळदा ॲपेटाइट जमत नाही. मी ही चाचणी फक्त चाळणी म्हणून वापरतो, आणि अहवालात तिला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ देत नाही.

काही लहान, पण हमखास आढळणाऱ्या चुका

छिद्रांचा सरासरी आकार ३०० मायक्रोमीटर लिहून त्यांना जोडणाऱ्या खिडक्या मोजायच्याच नाहीत, हे फार दिसते. खिडक्या अरुंद असतील तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि साच्याचा गाभा रिकामाच राहतो. यंत्राकडे जाण्यापूर्वी मी साचा रंगीत पाण्याच्या थेंबावर ठेवतो आणि नंतर मधोमध चिरून रंग कुठवर पोहोचला ते पाहतो.

पॉलिमरची ताकद कोरड्या नमुन्यावर, खोलीच्या तापमानाला मोजू नये. ३७ अंशांच्या क्षारद्रावणात भिजवूनच मोजावी.

पट्टी एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचे अशी जोडी विचार न करता लावू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅग्नेशियमच्या पट्टीला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे लावले गेले. ती पट्टी आठच दिवसांत विरघळली आणि त्वचेखाली वायू साचला.

मॅग्नेशियमवर पेशींच्या जिवंतपणाची एमटीटी चाचणी करताना पेशीविरहित नमुना जोडीला ठेवावाच, कारण गंजणारे मॅग्नेशियम स्वतःच त्या चाचणीतील रंग तयार करू शकते आणि मग नसलेल्या पेशीही जिवंत दिसतात.

प्राण्याच्या हाडात छिद्र पाडताना ते आपोआप भरणार नाही इतके मोठे असावे आणि रिकामे छिद्र तुलनेसाठी ठेवावे. मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) कवटीत यासाठी ८ मिलिमीटरचे छिद्र प्रचलित आहे. लहान छिद्र मातीने भरले तरी बरे होईल.

योगायोगाने लागलेल्या शोधांच्या कथा सांगून घाईचे समर्थन करू नये. स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडातून टायटॅनियमचे उपकरण निघेना, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियम बसवायला त्यांनी १९६५ साल येऊ दिले, हे मात्र क्वचितच कोणाला आठवते.

शस्त्रवैद्याला शेवटी बोलावणे

एकदा आम्ही कॅल्शियम फॉस्फेटचा अतिशय देखणा ठोकळा घेऊन एका अनुभवी शस्त्रवैद्याकडे गेलो होतो. सच्छिद्रता, शुद्धता, कॅल्शियम-फॉस्फरसचे १.६७ हे गुणोत्तर, सारे काटेकोर होते. त्यांनी हातमोजे घातले, ते ओले केले, ठोकळा उचलला आणि विचारले, “पोकळी काही चौकोनी नसते, तर हा कापायचा कशाने?” मग त्यांनी टेबलावरच्या हाड कुरतडण्याच्या चिमट्याने त्याचा एक कोपरा उडवला आणि उरलेल्या ठोकळ्याचे तीन तुकडे झाले. पुढचे दीड वर्ष आम्ही तोच पदार्थ कणांच्या आणि हाताने दाबता येणाऱ्या लगद्याच्या रूपात आणण्यात घालवले. हल्ली नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यातच मी एक ओबडधोबड नमुना, एक प्लास्टिकचे हाड आणि ओले हातमोजे घेऊन त्यांच्याकडे जातो.