वरच्या गटात संघ उतरवायचाय? आधी टेप घेऊन मैदानात जा

सहा वर्षं मी मुलांच्या बेसबॉल संघाची कोच आहे. एका मोसमात आमचा दहा वर्षांच्या मुलांचा संघ इतका फॉर्मात होता, की आघाडी फार मोठी झाली म्हणून पंच तिसऱ्या इनिंगनंतर सामना थांबवायचे. मुलं कंटाळली होती. शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या फळीतला क्षेत्ररक्षक, हातमोजात माती भरत बसायचा. पालक म्हणाले, आता यांना वरच्या, अकरा वर्षांच्या गटात खेळवा. मी लगेच हो म्हणाले आणि आम्ही ओळीने पाच सामने हरलो. हरल्याचं मला दुःख नाही, मला आजही लागून राहिलंय ते एका मुलाच्या कोपराचं. ते पुढे सांगते.

मोठी मुलं जोरात मारतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मैदान मोठं होतं, इकडे लक्ष जात नाही. अमेरिकेतल्या बहुतेक ट्रॅव्हल, म्हणजे गावोगावी जाऊन खेळायच्या, स्पर्धांत नऊ-दहाच्या गटात पिचर (चेंडू टाकणारा) ४६ फुटांवरून टाकतो आणि दोन बेसमध्ये, म्हणजे धावपटूने गाठायच्या थांब्यांमध्ये, ६५ फूट असतात. अकरा-बाराला ५० आणि ७०, तेराला ५४ आणि ८०. म्हणजे अकराचा संघ बारात नेलात तर मैदान तेच राहतं, फक्त समोरची मुलं थोराड असतात. दहाचा अकरात किंवा बाराचा तेरात नेलात तर मुलंही बदलतात आणि मैदानही. पहिल्यांदाच वर जात असाल तर मैदान न बदलणारं वर्ष निवडा, हे माझं ठाम मत आहे.

यात सगळ्यात जास्त भरडला जातो कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे पळणाऱ्या धावपटूला बाद करायला त्यालाच तिथे चेंडू फेकावा लागतो. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर दहाच्या गटात सुमारे ९२ फूट, अकरा-बाराला ९९ आणि तेराला ११३. सात फूट ऐकायला किरकोळ वाटतात. पण आमच्या कॅचरचा जो चेंडू दुसऱ्या बेसवर थेट हातमोजात बसायचा, तो नव्या मैदानात बेसच्या अलीकडेच दोन टप्पे घेऊन लोळत यायला लागला. समोरच्या कोचने हे पहिल्याच इनिंगमध्ये हेरलं. त्यानंतर त्यांचा प्रत्येक धावपटू पहिल्या बेसवर आला की पुढच्याच पिचला, म्हणजे पिचरने चेंडू टाकताच, पळून दुसऱ्यावर असायचा. पोराने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्याला तयारी न करता तिथे बसवलं, ही चूक माझी होती.

म्हणून नाव नोंदवण्याआधी टेप घ्या, सरावाच्या मैदानात वरच्या गटाचे बेस मांडा आणि कॅचरची परीक्षा घ्या. मास्क, पॅड सगळं अंगावर हवं. पिचरचा चेंडू झेलून, बसल्या जागेवरून उठून, दुसऱ्या बेसवर दहा थ्रो. दहापैकी सहा जर एका टप्प्यात, बेसच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आले तर पुढचा विचार करा. टप्पा चुकवण्यासाठी उंच फेकायला शिकवू नका, कारण सरळ येऊन एकदा उसळलेला चेंडू आभाळातून येणाऱ्या चेंडूपेक्षा लवकर पोचतो. अशीच परीक्षा शॉर्टस्टॉपची घ्या, तिसऱ्या बेसच्या बाजूला खोल जाऊन पहिल्या बेसवर. तो कमी पडला तर त्याला दोन पावलं पुढे उभं करता येतं. कॅचरला मात्र पुढे सरकवता येत नाही.

बॅटिंगचं गणित त्या मानाने सोपं आहे. ४६ फुटांवरून ताशी ५० मैलांनी आलेल्या चेंडूला बॅटरकडे साधारण ०.६३ सेकंद असतात. ५० फुटांवरून ताशी ६० मैलांनी आला तर ०.५७. सरावात चेंडू टाकणाऱ्या मशीनचा वेग वाढवायची गरज नाही. वेग ५० वरच ठेवा आणि मशीन ४२ फुटांवर आणा, तेवढाच वेळ मिळतो. पहिल्या दिवशी सगळे उशिरा फिरवतात. बॅट मागे नेण्याची हालचाल लवकर सुरू करा, एवढं एकच सांगा. दोन आठवड्यांत डोळे सरावतात.

आता हाताबद्दल. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ पिच आणि अकरा-बाराला ८५ सांगितल्या आहेत. सामना कुठल्याही गटाचा असो, मुलाचं वय दहा असेल तर आकडा ७५च. ६६ किंवा जास्त पिच टाकल्या तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ला तीन, ३६ ते ५०ला दोन, २१ ते ३५ला एक. बऱ्याच स्पर्धा पिच मोजत नाहीत, इनिंग मोजतात. आणि वरच्या गटात इनिंग लांबतात. बॅटर फाउल मारत (चेंडू रेषेबाहेर घालवत) राहतात, धावपटू लीड घेऊन, म्हणजे बेस सोडून पुढे सरकून, पिचरला सतावतात, दोन इनिंगमध्ये ५५ पिच सहज होतात. त्यामुळे डगआउटमध्ये (संघ बसतो तिथे) एका माणसाच्या हातात काउंटर द्या आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

आम्ही इनिंग मोजत होतो. शनिवारी टाकलेल्या मुलाला मी रविवारी पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पाठवलं, कारण नियमात बसत होतं. त्याने तक्रार केली नाही, फक्त शेवटच्या काही पिचना त्याचं कोपर खांद्याच्या खाली यायला लागलं होतं. मी ते पाहिलं आणि तो दमलाय असं समजले. सोमवारी सकाळी त्याच्या आईचा फोन आला: उजव्या हाताचा मुलगा डाव्या हाताने दात घासतोय. कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग, दुखावली होती. सहा आठवडे त्याला चेंडू फेकायला बंदी झाली. तो प्रत्येक सरावाला येऊन बसायचा आणि वहीत पिच मोजायचा.

जन्मतारखाही पाहा. अनेक ट्रॅव्हल संघटना ३० एप्रिलचं वय धरतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेलं पोर आपल्याच गटात सगळ्यात लहान असतं. त्याला एक गट वर नेलंत तर समोरचा खेळाडू त्याच्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी मोठा असू शकतो. अशा मुलाला तिसऱ्या बेसवर किंवा माउंडवर उभं करताना दहादा विचार करा. तिथे येणारा सरळ फटका त्याला दिसेपर्यंत अंगावर आलेला असतो. मी पिचर आणि पहिल्या-तिसऱ्या बेसवरच्या दोन्ही खेळाडूंना तोंडाचा मास्क आणि छातीचं कवच सक्तीचं केलंय. बॅटचे नियमही गटागणिक बदलतात, तेवढे आयोजकांना आधी विचारून घ्या.

सगळा मोसम वर काढू नका. आम्ही आता चारातली एक स्पर्धा वरच्या गटात खेळतो, बाकी आपल्या गटात. पालकांना आधी एकत्र बसवून सांगते, की या दोन दिवसांत धावफलक पाहू नका. मुलांना प्रत्येक इनिंगला एकच काम देते: पहिला बॅटर बाद करायचा. मागच्या वेळी सहापैकी चार इनिंगमध्ये जमलं. सामना ७-३ हरलो आणि मुलं परतीच्या गाडीत त्या चार आउटबद्दलच बोलत होती.

आणि सोमवारी सकाळी मी शनिवार-रविवारी टाकलेल्या प्रत्येक पिचरच्या घरी फोन करते. आईवडिलांना एवढंच विचारते, आज दात कुठल्या हाताने घासले?