पावसाचा नकाशा, पंधरा-पंधरा दिवसांत

संशोधकाकडून आधी मागण्यांची लांबलचक यादी घेऊन मग डेटाचे नकाशे दाखवणारं टूल बांधायला बसू नका. ती यादी हमखास चुकते. समोर चित्र येईपर्यंत आपल्याला नेमकं काय बघायचंय, हे त्यालाही ठाऊक नसतं. 2001 साली अमेरिकेत स्नोबर्डला 17 जणांनी लिहिलेल्या अजाइल (थोडं बांधा, दाखवा, सुधारा अशी सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) जाहीरनाम्यात जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलंय, ते इथे तंतोतंत लागू पडतं.

उदाहरणाला भारतीय हवामान विभागाचा 1901 पासूनचा रोजच्या पावसाचा डेटा घेऊ. अक्षांश-रेखांशांची पाव-पाव अंशाची जाळी, 135 गुणिले 129 चौकोन.

1. एकच प्रश्न निवडा. 'साताऱ्यात या जूनमध्ये पाऊस कुठे कमी पडला?' बस. जिल्ह्यावर जेमतेम चौदा-पंधरा चौकोन बसतात, म्हणजे गावनिहाय नकाशाचं आश्वासन द्यायचं नाही, हेही लगेच कळतं.

2. पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पहिल्या पंधरवड्यात, एक महिना, एक नकाशा. लॉगिन नको, बटणं नकोत. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातली आकृत्या काढणारी मॅटप्लॉटलिब लायब्ररी पुरे. डेटा मात्र खराच घ्या. या फायलींत जिथे नोंद नाही तिथे -999 असतं. ते न वगळता जूनची बेरीज केलीत, तर अरबी समुद्रावर उणे तीस हजार मिलिमीटर पाऊस पडतो! नमुन्यासाठी बनवलेल्या गुळगुळीत डेटात असलं काही सापडत नाही.

3. माउस संशोधकाच्या हातात द्या आणि गप्प बसा. सगळ्यात अवघड पायरी हीच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. सरळ रंगपट्टी (समान मिलिमीटरला समान रंगबदल) लावली की अख्खा पूर्व भाग एकाच रंगात बुडतो, आणि दुष्काळ तर तिथेच शोधायचा असतो. 'मिलिमीटर नको, सरासरीपासूनची टक्केवारी दाखव,' ही मागणी तेव्हा येते. कोणत्याही यादीत ती नसते. (इंद्रधनुषी रंग टाळा. डेटात नसलेल्या सीमारेषा त्यातून दिसू लागतात. मॅटप्लॉटलिबनेही 2017 साली आवृत्ती 2.0 मध्ये आपोआप लागणारी तसली रंगपट्टी बदलून विरिडिस ही जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी रंगपट्टी आणली.)

4. 'झालं' कधी म्हणायचं, ते ठरवा. नकाशा उमटला म्हणजे काम झालं असं नाही. दोन-तीन चौकोनांचे आकडे हाताने काढून ताडा आणि तीच पडताळणी स्वयंचलित चाचणीत घाला. तारखांवर खास नजर ठेवा. हवामान विभागाचा 12 तारखेचा पाऊस म्हणजे 11 च्या सकाळी साडेआठपासून 12 च्या साडेआठपर्यंतचा. उपग्रहाच्या डेटातला दिवस बहुधा जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दोन्ही नकाशे शेजारी ठेवलेत की एकाच सरीची तारीख वेगवेगळी दिसू शकते.

5. पुढच्या पंधरवड्याचं काम संशोधकासोबत बसून निवडा. अजाइलमध्ये रोज उभ्याने घेतात त्या छोट्या बैठकीचा हट्ट नको. त्याला क्षेत्रभेटी असतात.

एक मात्र अजाइलच्या उत्साहात विसरू नका. शोधनिबंधात आकृती गेली की त्या दिवशीच्या कोडला गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) टॅग, म्हणजे ओळखीची खूण, लावा आणि डेटाची प्रतही जपून ठेवा. परीक्षकाचा प्रश्न सहा महिन्यांनी येतो, तोवर टूलमधली रंगपट्टी चारदा बदललेली असते.