मुद्दाम धूसर केलेला लँडस्केप फसतो कुठे? या चुका टाळा

सुरूच्या बनात उभं राहायचं, शटर अर्ध्या सेकंदावर ठेवायचं आणि कॅमेरा वरून खाली ओढायचा. ऐकायला एवढंच आहे. पण घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं की बहुतेक फ्रेम नुसत्या हललेल्या वाटतात, आणि बघणारा विचारतो, "हात हलला का?" हा प्रश्न आला की फोटो फसला असं समजावं. धूसरपणाचं काहीच वावडं नाही, पण तो ठरवून आणला आहे हे फोटोत दिसायला हवं.

कॅमेरा मुद्दाम हलवून काढलेल्या या फोटोंना आपल्याकडेही सगळे आयसीएम (इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट) म्हणतात. याच्या शेजारचा दुसरा प्रकार म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा, पण शक्य तितका स्थिर, आणि हलू द्यायचं ते पाण्याला किंवा गवताला. दोन्हींत शटर मंद असतं, म्हणून त्यांची सरमिसळ होते. सेटिंग मात्र जवळजवळ उलटी लागतात. आधी आयसीएमचं बघू.

ठिपक्याचा माग वाचा

फसलेली फ्रेम लगेच डिलीट करू नका. ती पूर्ण मोठी करा आणि एखादा लहान, उजळ बिंदू शोधा: पानांच्या फटीतून डोकावणारं आकाश, ओल्या खडकावरची चकाकी, लांबचा एखादा दिवा. शटर उघडं असताना हात जसा फिरला तशीच रेघ त्या बिंदूने सेन्सरवर ओढलेली असते. कुठे चुकलं हे शटर स्पीडच्या आकड्यापेक्षा ती रेघ जास्त नेमकं सांगते.

रेघेच्या एका टोकाला ठळक गोळा आणि पुढे फिकट शेपूट असेल, तर तेवढा वेळ कॅमेरा जागच्या जागी होता. कुठलं टोक सुरुवातीचं हेही कळतं. कॅमेरा वरून खाली नेला की चित्रातला बिंदू खालून वर सरकतो. म्हणजे गोळा रेघेच्या खालच्या टोकाला असेल तर तुम्ही उशिरा हललात, आणि वरच्या टोकाला असेल तर लवकर थांबलात. सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच आहे, आणि उपाय सोपा आहे. आधी हात हलवायला लागा, हालचाल रंगात आली की बटण दाबा, आणि शटर बंद झाल्यावरही हात थोडा पुढे जाऊ द्या. शटर हालचालीच्या मधल्या भागावर पडायला हवं.

टोकाला हुकासारखं वळण किंवा झटका दिसत असेल तर तो बहुधा बटण दाबणाऱ्या बोटाचा आहे. कंटिन्युअस मोडवर तीन-चार फ्रेम सलग घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमपर्यंत बोट शांत झालेलं असतं. रेघ नागमोडी असेल तर हात फार सावकाश फिरतोय आणि त्याची नैसर्गिक थरथर मधे उमटतेय. अशा वेळी हाताचा वेग वाढवा आणि शटरचा वेळ थोडा कमी करा. दोन ठळक ठिपके आणि मधे पुसट धागा असं दिसलं, तर हालचाल दोन टप्प्यांत झाली.

शेवटचं म्हणजे रेघेची लांबी. माझ्या मते ती फ्रेमच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान असेल, तर बघणाऱ्याला तो अपघातच वाटतो. थोडंसं हलवणं हा सुरक्षित मार्ग वाटतो खरा, पण "हात हलला का?" हा प्रश्न तिथेच जन्मतो.

लेन्स बदलली, हात तोच ठेवला

मनगटाचा तोच झोका वेगळ्या लेन्सवर वेगळं काम करतो. फुल फ्रेम कॅमेरा (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) आडवा धरला तर २४ मिमी लेन्स उभ्या दिशेने साधारण ५३ अंश पाहते, ७० मिमी सुमारे १९ अंश आणि २०० मिमी जेमतेम ७ अंश. कॅमेरा पाच अंश खाली झुकवला तर पहिल्या लेन्सवर चित्र फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याइतकं सरकतं, दुसऱ्यावर पाव हिश्श्याइतकं आणि तिसऱ्यावर पाऊण फ्रेम निघून जाते. म्हणून "अर्धा सेकंद ठेवा" हा सल्ला लेन्स विचारल्याशिवाय देण्यात अर्थ नाही.

वाइड लेन्सची आणखी एक अडचण आहे. कॅमेरा वरखाली झुकवताना उभ्या रेषा आत-बाहेर कलतात, त्यामुळे मधली खोडं सरळ येतात आणि कडेची पंख्यासारखी फाकतात. खोडांच्या फोटोंसाठी मी ५० ते १०० मिमीच्या मधे राहायला सांगेन. सुरुवात १/४ सेकंदापासून करा आणि रेघ पाहून मागेपुढे जा.

हाताची दिशा आणि दृश्याची दिशा

नागाव, गुहागर, दिवेआगर, कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर सुरूची बनं आहेत, आणि आयसीएम शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. खोडं उभी, दाट आणि एकसारखी. हात उभा फिरवला की खोड खोडावरच सरकतं, त्याचा गडदपणा टिकतो आणि फक्त साल, फांद्या, पालापाचोळा विरघळतो. तिथेच कॅमेरा आडवा फिरवला तर प्रत्येक खोड शेजारच्या मोकळ्या जागेत मिसळतं आणि फ्रेमभर राखाडी-हिरवं काहीतरी उरतं. मुळात दृश्यात कोणती रेषा प्रबळ आहे हे आधी ठरवायचं. बहुतेक वेळा हाताने तिच्याच बाजूने जायचं.

रंगांनाही हाच हिशेब लागू होतो. पावसाळा सरता सरता कासच्या पठारावर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा जांभळा असे पट्टे पडतात. पट्ट्यांच्या बाजूने आडवं फिरवलं तर रंग शेजारी शेजारी शुद्ध राहतात. त्यांना छेद देत उभं फिरवलं तर पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात आणि हाती मळकट करडा येतो. फुलं डोळ्यांना एवढी भरगच्च दिसत होती, मग फोटो असा विटका का, या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. (आणि रंग दाट हवेत म्हणून पायवाट सोडून फुलांत शिरू नका. लांब लेन्सने पट्टे आपोआप दाटतात.)

समुद्रावर आडवं फिरवताना क्षितिज तिरकं होतं किंवा पाचरीसारखं जाड होतं. कारण बहुतेक जण फक्त हात फिरवतात. पावलं हालचाल जिथे संपणार त्या दिशेला रोवा, कोपर बरगड्यांना टेकवा आणि कमरेतून वळा.

ऑस्ट्रियात जन्मलेले फोटोग्राफर एर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजी मंद शटरवर, रंगीत टिपल्या. त्या फोटोंत बैल आणि माणूस विरघळलेले आहेत, पण झेप कुठून कुठे गेली हे ठळक आहे. लँडस्केपमध्ये झेप घेणारं कुणी नसतं, म्हणून ती दिशा आपल्या हातातून यावी लागते.

पांढरं आकाश सगळं खातं

शटर उघडं असताना उजळ भाग जिथून जिथून सरकतो तिथे प्रकाश टाकत जातो. गडद भागाला तो पुसता येत नाही. म्हणून फ्रेमच्या वरच्या कडेला ढगाळ आकाशाची पट्टी राहिली असेल, तर उभ्या हालचालीत ती झाडांवर उतरते आणि बनाचा वरचा भाग राखेसारखा होतो. एक्स्पोजर कमी करून हे फारसं सुटत नाही. आकाश फ्रेमबाहेर काढा, आणि हालचाल संपेपर्यंत ते आत येणार नाही अशा बेताने सुरुवात करा. पानांच्या फटींमधले कवडसे मात्र थोडे असतील तर राहू द्या. त्यांच्या रेघांनी फोटोला जीव येतो.

भर उन्हात शटर मंद करण्यासाठी

स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) एफ/१६ वर शटर साधारण १/१०० सेकंद येतं. तिथून १/४ वर जायचं म्हणून लोक एफ/२२ च्या पुढे जातात. त्याने एखादाच स्टॉप (उजेड निम्मा करणारी पायरी) मिळतो आणि सेन्सरवरची सगळी धूळ फोटोत येते. दृश्य हललं तरी धूळ सेन्सरला चिकटलेली असते. सगळं धूसर आणि मधेच टोकदार काळे ठिपके, असा प्रकार होतो.

त्यापेक्षा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) घ्या. तो लावून एफ/११ वर आलात की त्याच उन्हात सुमारे १/३ सेकंद मिळतं. दहा स्टॉपचा फिल्टर या कामाला जड पडतो, कारण शटर कित्येक सेकंदांवर जातं आणि हाताला तेवढा वेळ एकसारखं फिरता येत नाही. फिरवून गडदपणा बदलता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे, पण वाइड लेन्सवर टोकापर्यंत फिरवला तर फ्रेमवर फुलीच्या आकाराची काळी सावली येते. सुरूच्या दाट सावलीत मात्र सकाळी फिल्टरशिवायही भागतं.

फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका. हलत्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस शोधत बसतो. धूसरच करायचंय तर फोकस कशाला, असं वाटू शकतं, पण आउट ऑफ फोकस खोडाच्या रेघांना कडा उरत नाही आणि नुसता लगदा होतो.

खडक स्थिर, पाणी वाहतं

आता दुसरा प्रकार. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा माळशेजच्या धबधब्यांवर ट्रायपॉड उघडायलाही जागा नसते, तेव्हा हातातच काम करावं लागतं. इथली चूक म्हणजे आयसीएमसाठी बंद केलेलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर थोपवणारी यंत्रणा) तसंच बंद राहणं. कॅमेरा मुद्दाम हलवताना ते बंदच हवं, नाहीतर ते तुमची हालचाल थोपवायला बघतं. (काही लेन्सवर मोड २ असतो. तो फक्त उभा हादरा थोपवतो, म्हणून कॅमेरा आडवा फिरवताना चालतो.) धबधब्यावर मात्र ते चालू पाहिजे.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर पाच स्टॉपचं स्टॅबिलायझेशन लिहिलेलं असतं. हातातला फोटो हलू नये म्हणून ५० मिमी लेन्सला शटर १/५० सेकंदाहून मंद नको, हा नियम धरला तर हिशेबाने अर्ध्या सेकंदाच्या पुढे जाता यावं. ओल्या दगडावर, वाऱ्यात, छत्री सांभाळत तसं होत नाही. १/४ वर समाधान माना. पाण्याला रेशमी पोत यायला तेवढं पुष्कळ असतं आणि त्याचे धागेही दिसत राहतात. पाठ दरडीला टेकवा, श्वास सोडून थांबा, सलग पाच-सहा फ्रेम घ्या आणि घरी फक्त खडकाची कड पाहून निवडा. पाणी कितीही सुंदर आलं असो, खडक जरासा हलला असेल तर ती फ्रेम सोडून द्या. पोलरायझर दीड-दोन स्टॉप प्रकाश कमी करतो आणि ओल्या पानांची चमकही काढतो, म्हणून पावसाळ्यात तो लेन्सवरच असू द्या.

ऑलिंपसच्या २०१९ च्या ई-एम१एक्स कॅमेऱ्यात लाइव्ह एनडी आलं. त्यात कॅमेरा अनेक फ्रेम जोडून पाच स्टॉपपर्यंतच्या फिल्टरचा परिणाम देतो. हातातल्या धबधब्यासाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे.

दोन्ही प्रकारांत डोळा व्ह्यूफाइंडरला असतो आणि पाय निसरड्यावर. पट्टा गळ्यात, आणि वळण्याची जागा आधी पायाने चाचपून घेतलेली, एवढं पाळाच.

फोनवर

नाइट मोडमध्ये फोन अनेक फ्रेम एकमेकींवर जुळवतो, म्हणजे तुमची हालचाल काढून टाकतो. त्यात आयसीएम होणार नाही. शटर हाताने ठरवू देणारं ॲप किंवा प्रो मोड लागेल, तेही सूर्य बुडाल्यावर, कारण फोनचं ॲपर्चर मोठं असतं आणि बहुतेक फोनवर बदलता येत नाही. आयफोनच्या लाइव्ह फोटोत क्लिकच्या आधीचा आणि नंतरचा दीड-दीड सेकंद असतो. त्यातलं लाँग एक्स्पोजर धबधब्याला छान लागू पडतं, पण फोन स्थिर धरून.

एडिटिंग करताना

धूसर फोटोत उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून फाइल मुळातच फिकी येते. हे पाहून लोक क्लॅरिटी आणि शार्पनिंग वाढवतात. त्याने रेघांच्या कडेला पांढरी किनार येते आणि मऊ पोत खरखरीत होतो. शार्पनिंगला हात लावू नका. काळ्याचा स्लायडर खाली आणा, बहुतेक फोटो तेवढ्यावर उभे राहतात. सॅच्युरेशन अगदी शेवटी आणि थोडं. धुळीचे ठिपके मात्र एकेक करून काढा. खडकाळ दृश्यात ते लपले असते, पण मऊ रंगाच्या पट्ट्यावर, विशेषतः प्रिंट मोठी काढणार असाल तर, नजर आधी तिथेच जाते.