आलेखावरून असमानता ओळखताना

भाची अकरावीला, क्लास सदाशिव पेठेत. आलेख झकास काढते, पण छापील आलेखावरून असमानता (समीकरणासारखीच, पण बरोबरच्या जागी लहान-मोठ्याचं चिन्ह) लिहायची की चिन्ह उलटं. ‘मामा, रेषेच्या वर म्हणजे मोठंच ना?’ नाही गं, य चा सहगुणक (य च्या आधीचा अंक) ऋण असला की ते फसतं.

मग छाया (असमानता जिथे खरी ठरते तो रंगवलेला भाग) झाकून आधी फक्त रेषा वाचायला लावली. (४, ०) आणि (०, ६) मधून जाते, म्हणजे क्ष/४ + य/६ = १, अर्थात ३क्ष + २य = १२. छायेत (०, ०) आहे, ० < १२, रेषा अखंड, म्हणजे तिच्यावरचे बिंदूही धरायचे. म्हणून ३क्ष + २य ≤ १२.

दुसरी रेषा तुटक, य = क्ष. ती आरंभबिंदूतूनच जाते, तिथे (०, ०) कुचकामी! (हे क्लासवाले का सांगत नाहीत, देव जाणे.) छायेतला (०, १) घेतला: य > क्ष, बरोबरचं चिन्ह नाही. सामाईक भागातला (१, २) दोन्हींत बसला.