बाळासाठी लाल भोपळा: पाणी कमी, तूप-डाळ हवीच

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरच्या अन्नात लाल भोपळा लवकर येतो. चव गोडसर, शिजायला वेळ लागत नाही, शिजल्यावर बोटाने दाबला तरी लोणी होतो. नाव मात्र गावागणिक बदलतं: कुठे डांगर, कुठे काशीफळ, विदर्भात कोहळं. पश्चिम महाराष्ट्रात कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा, आणि दुधी तर तिसराच. इथे सगळं केशरी गराच्या भोपळ्याबद्दल आहे.

एक गोष्ट आधी. भोपळ्यात शंभरातले नव्वद भाग पाणी असतं आणि 100 ग्रॅम गरात जेमतेम 26 कॅलरी. बाळाचं पोट लहान. त्यात नुसतं भोपळ्याचं पाणीदार सूप भरलं तर पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. ‘बाळ रोज वाटीभर खातं, तरी वजन वाढत नाही’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी त्या वाटीत काय आहे ते बघावं. म्हणून भोपळा पाण्यात उकळायचा नाही, वाफवायचा. आणि पहिले दोन-तीन दिवस सोडले तर तो एकटा द्यायचा नाही. सोबत डाळ, तांदूळ किंवा नाचणी हवी आणि वरून साजूक तूप हवंच. तुपाचं आणखी एक काम आहे. भोपळ्याच्या केशरी रंगापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि तो रंग स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषला जातो.

लोह मात्र भोपळ्यात फार नाही, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधातून मिळणारं लोह पुरत नाही. ते डाळ, नाचणी, अंडं, मासे-मटण यांतूनच यायला हवं. डाळ-तांदूळ घोटून केलेल्या खिमटावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर डाळीतलं लोह चांगलं लागू पडतं.

फोड घेताना

बाजारात बहुतेकदा कापलेली फोड मिळते. ताजी फोड कोरडी आणि टणक असते, बियांभोवतीचे धागे घट्ट असतात. धागे बुळबुळीत झालेले असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ती फोड बाळासाठी नको. गर जितका गडद केशरी, तितका चांगला. फिकट पिवळा भोपळा कोवळा असतो आणि शिजल्यावर पाणचट लागतो. अख्खा घेणार असाल तर सालीत नख रुतता कामा नये आणि देठ वाळलेला हवा. असा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी महिनाभर सहज टिकतो. कापलेला मात्र बिया काढून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

शिजवण्याआधी कच्च्या गराचा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो भोपळा टाकून द्या. कडू दुधी जसा पोटाला बाधतो तसाच हाही बाधतो, आणि तो कडूपणा शिजवून जात नाही.

वाफवणं

पुढच्या सगळ्या मापांत वाटी 150 मिलीची, मोठा चमचा 15 मिलीचा आणि चहाचा चमचा 5 मिलीचा. 250 ग्रॅमची फोड घेतली तर साल-बिया जाऊन 180 ते 200 ग्रॅम गर हाती लागतो.

फोड वाहत्या पाण्याखाली घासून धुवा. कापलेली बाजू बाजारात उघडी पडलेली असते, तिथून पातळ काप काढून टाका. बिया आणि धागे चमच्याने खरवडा. साल काढू नका. सालीसकट मोठे तुकडे मोदकपात्रात किंवा चाळणीत 15 मिनिटं वाफवा, मग चमच्याने गर सुटा करा. कच्ची साल सोलताना सुरी सटकते आणि अर्धा गर सालीबरोबर जातो, शिजल्यावर ती आपोआप सुटते. कुकर लावणार असाल तर डब्यात पाणी न घालता झाकण ठेवा आणि तीन शिट्ट्या करा. डब्याच्या तळाला जे केशरी पाणी सुटतं ते फेकू नका, पुढे सैल करायला तेच वापरा.

शिजलेला गर काट्याने किंवा वाटीच्या बुडाने चोळला की पुरे. पहिल्या आठवड्यात धागे लागत असतील तर पुरणाच्या चाळणीतून काढा. मिक्सरची गरज नाही. तांदूळ-भोपळा एकत्र मिक्सरमधून फिरवला तर तो खळीसारखा चिकट होतो, टाळूला चिकटतो आणि बाळ तोंड वाकडं करतं. मग आई समजते की बाळाला भोपळा आवडत नाही.

पहिल्या दिवशी दोन-तीन चहाचे चमचे, सकाळच्या वेळी, त्यावर पाव चमचा पातळ तूप. चमचा तिरका केल्यावर गर हळू घसरला पाहिजे, पाण्यासारखा ओघळता कामा नये. दोन-तीन दिवस काही त्रास नाही असं दिसलं की पुढे चला.

भोपळ्याचं खिमट

2 मोठे चमचे तांदूळ आणि 1 मोठा चमचा सालीची किंवा पिवळी मूगडाळ धुऊन, कापडावर पसरून पूर्ण वाळवा. मग मंद आचेवर डाळीचा खमंग वास येईपर्यंत भाजा आणि रव्याइतपत भरड काढा. आठवड्याची भरड एकदम करून घट्ट डब्यात ठेवता येते. शिजवताना भरड, 50 ग्रॅम कच्च्या भोपळ्याचे लहान तुकडे, चिमूटभर जिरेपूड, हिंगाचा कण आणि 2 वाट्या पाणी, चार शिट्ट्या. वाफ गेल्यावर डावाने घोटा, 1 चहाचा चमचा तूप घाला.

यात हमखास दोन चुका होतात. नेहमीच्या खिमटाइतकं पाणी घातलं तर पेज होते, कारण भोपळा स्वतःचं पाणी सोडतो. तशी झालीच तर झाकण काढून पाच मिनिटं मंद आचेवर ढवळत आटवा. दुसरी चूक म्हणजे भरड गरम पाण्यात टाकणं. गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात पीठ कच्चं राहतं. भरड आधी गार पाण्यात कालवून घ्यायची.

मीठ एक वर्षापर्यंत नको. गूळ-साखर दोन वर्षांपर्यंत लांब ठेवलेली बरी, भोपळा मुळात गोड आहे. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको. त्यातले जंतू बाळाच्या कोवळ्या आतड्यांत रुजून त्याला गंभीर आजारी करू शकतात.

सात-आठ महिन्यांपासून घोटणं कमी करत जा. भोपळ्याचे मऊ कण दिसू द्या. हिरड्यांनी चावण्याची सवय याच काळात लागते. दहा महिने उलटूनही सगळं गुळगुळीतच दिलं तर पुढे दीड वर्षाचं मूल भाताच्या शितालाही ओकारी काढू शकतं.

हातात धरायची धिरडी

नऊ-दहा महिन्यांचं बाळ चिमटीत वस्तू पकडायला लागलं की हे करून बघा. 100 ग्रॅम वाफवून चोळलेला भोपळा, 3 मोठे चमचे नाचणीचं पीठ, 2 मोठे चमचे बेसन, पाव चहाचा चमचा जिरेपूड, चिमूटभर चुरलेला ओवा. लागेल तसं दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून पीठ इडलीच्या पिठाइतकं घट्ट ठेवा आणि दहा मिनिटं मुरू द्या. तवा तापवून आच कमी करा, तूप सोडा, तळहाताएवढी धिरडी घाला, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं.

उलटण्याची घाई केली की धिरडं फाटतं. कड आपणहून सुटली आणि वरचा ओला चकाकता रंग जाऊन मंद झाला, की मगच उलथनं घाला. आच मोठी असेल तर बाहेरून करपतं आणि आत नाचणी कच्ची राहते. मोडून बघितल्यावर आत ओलसर पिठूळ रेघ दिसली तर परत झाकून ठेवा. कोमट झाल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापा. बाळ सरळ बसलेलं असावं आणि मोठं माणूस समोर हवं.

वर्षानंतर: भरीत आणि घरची भाजी

1 वाटी वाफवलेला भोपळा जाडसर चोळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम भोपळ्यात दही घातलं की ते फुटतं. मग 3 मोठे चमचे गोड दही, 1 चहाचा चमचा दाण्याचं बारीक कूट, तूप-जिऱ्याची फोडणी, नावापुरतं मीठ. कूट पहिल्यांदाच देत असाल तर चिमूटभर द्या आणि त्या दिवशी बाळावर नजर ठेवा. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खे शेंगदाणे आणि अख्ख्या भोपळ्याच्या बिया पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात.

घरच्यांसाठी मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी होत असेल तर फोडी शिजल्यावर, तिखट-मीठ-गूळ पडण्याआधी, बाळाचा वाटा बाजूला काढा. कडू मेथीदाणे तेवढे वेचून टाका.

घारगे, दोन वर्षांनंतर

2 वाट्या किसलेला भोपळा 1 मोठ्या चमचा तुपावर परता, पाणी आटत आलं की अर्धी वाटी चिरलेला गूळ घाला. गूळ विरघळला की गॅस बंद. ही मापं नेहमीच्या घारग्यांपेक्षा कमी गोडाची आहेत. मिश्रण गार झाल्यावर वेलची, चिमूटभर मीठ, 2 मोठे चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तितकी कणीक, साधारण दोन ते अडीच वाट्या. वेगळं पाणी अजिबात नको. गूळ मुरताना पीठ सैल पडतं, म्हणून आधी पुरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा आणि 15 मिनिटंच झाका. तासभर ठेवलं तर परत कणीक घालावी लागते आणि घारगे कडक होतात. गूळ जास्त पडला तर घारगा तेल पितो, काळवंडतो आणि कढईतच मोडतो.

मुलांसाठी तळण्याऐवजी तव्यावर तूप सोडून मंद आचेवर भाजलेले चांगले लागतात. फुगत नाहीत, पण मऊ राहतात. सोळा-सतरा होतात, डब्यात दुसऱ्या दिवशीही छान.

उरलेलं आणि पिवळे तळवे

बाळाने चमचा घातलेल्या वाटीतलं उरलेलं ठेवू नका. लाळेने खिमट थोड्या वेळात पाण्यासारखं पातळ होतं हे दिसतंच, आणि लाळेतले जंतूही त्यात वाढतात. म्हणून आधीच थोडं वेगळ्या वाटीत काढून भरवा. न उष्टावलेला वाफवलेला गर फ्रिजमध्ये दोन दिवस चालतो, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर. लागेल तेवढाच काढा, वाफा येईपर्यंत गरम करा, एकदाच. शिजलेलं खिमट बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. मे महिन्यात तर तासभरही जास्तच.

रोज भोपळा-गाजर खाणाऱ्या बाळाचे तळवे आणि नाकाचा शेंडा पिवळसर दिसू लागतो, शीही केशरी होते. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर हा भाजीचा रंग आहे. आठवड्यात तीन-चार दिवसच भोपळा ठेवला की काही आठवड्यांत तो उतरतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा शी पांढुरकी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.