जुन्या जीप-जिप्सीच्या प्रॉपलर शाफ्टचे क्रॉस कसे बदलावेत

पार्किंगमधून हळू निघताना खालून चिमणीसारखं चूं-चूं, आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की एक ‘टक्’. ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची ही तक्रार पावसाळ्यानंतर हमखास येते. विटाव्याच्या सबवेत तुंबलेलं पाणी, ऐरोली-वाशीकडची खारट हवा आणि येऊरच्या चढावरचा लाल चिखल, या सगळ्याची झळ आधी लागते ती प्रॉपलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीच्या, क्रॉसला. वेळेवर बदलला तर काम एका सकाळचं आहे. चालत्या गाडीत तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक सुटलं, तर ते रस्त्यात रुतून गाडीचा मागचा भाग उचलूही शकतं. त्यामुळे या आवाजाकडे दुर्लक्ष करू नका.

क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या जोडातला, अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. चार टोकांवर चार वाट्या असतात आणि प्रत्येक वाटीत बारीक सुयांचं बेअरिंग असतं. महिंद्राच्या जुन्या जीपला पुढचा आणि मागचा असे दोन शाफ्ट, म्हणजे चार क्रॉस. मारुती जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते. त्यामुळे दोघांच्या मधे आणखी एक आखूड शाफ्ट येतो आणि क्रॉस होतात सहा. हा मधला शाफ्ट तपासायला बरेच जण विसरतात आणि मागचे दोन बदलूनही आवाज तसाच राहतो.

आधी खात्री करा

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मग गाडीखाली जाऊन एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने त्याला लागून असलेली फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात ती चकती) धरा आणि उलटसुलट पिळा. दोन्ही मिळून थोडे फिरले तर तो हाउझिंगच्या (ॲक्सलवरच्या डब्याच्या) गिअरमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, जुन्या गाडीत तो थोडा असतोच. शाफ्टचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) हलतोय आणि फ्लँज जागेवरच आहे, असं दिसलं तर क्रॉस संपला. वाटीच्या कडेला बारीक लाल भुकटी दिसली तर पिळून बघायचीही गरज नाही. आत पाणी जाऊन सुया गंजल्या, ग्रीस वाळलं आणि गंज बाहेर येतोय.

नुसताच चूं-चूं आवाज असेल तर आधी ग्रीस मारून बघा. दोन दिवसांत आवाज परत आला तर समजा की सुयांनी क्रॉसच्या टोकांवर चर पाडलेत. वाटी काढल्यावर ते चर नखाला स्पष्ट लागतात.

सामान

नवे क्रॉस, शक्यतो ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असलेले. लिथियम ईपी-२ ग्रीस आणि ग्रीस गन, मजबूत व्हाइस, दोन गोटी पाने (सॉकेट; एक वाटीपेक्षा लहान, एक वाटी आत मावेल इतका मोठा), लॉक (वाटी जागेवर धरणारी कडी) काढायचा प्लायर, पॉलिश पेपर, सेंटर पंच, गंज सोडवणारं तेल. फ्लँजचे नट-बोल्ट नवे घ्या आणि मूळ ग्रेडचेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट इथे कातरले जातात.

क्रॉस घेताना ‘जीपचा द्या’ एवढं सांगून चालत नाही. इतक्या वर्षांत अनेक गाड्यांचे शाफ्ट बदललेले असतात. जुना क्रॉस सोबत न्या आणि व्हर्नियरने दोन मापं जुळवा: वाटीचा बाहेरचा व्यास, आणि समोरासमोरच्या दोन वाट्यांच्या बाहेरच्या तोंडांमधलं अंतर. लॉक वाटीच्या बाहेरून बसतं की आतल्या खाचेत, तेही बघा. नव्या क्रॉसवर जुन्या वाट्या कधीच चढवू नका.

हँडब्रेकचा धोका

अनेक जुन्या जीपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या सुरुवातीला बसवलेल्या ड्रमवर असतो. मागचा शाफ्ट सुटला की तो हँडब्रेक कितीही ओढा, चाकं मोकळीच. गाडी गिअरमध्ये ठेवून मागची चाकं धरली जातील असं वाटतं, पण तीही धरली जात नाहीत. म्हणून सोसायटीच्या पोडियमवर किंवा रॅम्पच्या उतारावर हे काम अजिबात करू नका. सपाट जागा, चाकांना जड ठोकळे, आणि गाडी उचलायची असेल तर जॅकबरोबरच खाली दोन स्टँडही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही झोपू नये.

शाफ्ट काढणे

पहिला बोल्ट सैल करण्याआधी खुणा करा. शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर एका रेषेत पंचाचा ठिपका, आणि सरकत्या जोडाच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या दातांच्या जोडाच्या) दोन्ही भागांवरही तसाच. रंगाची खूण साफ करताना पुसली जाते, पंचाची राहते.

ही काळजी का, ते समजून घेण्यासारखं आहे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा भाग एका फेरीत दोनदा थोडा वेगाने आणि दोनदा थोडा हळू फिरतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकी उलटी चूक करून ती भरून काढतो. त्यासाठी शाफ्टची दोन्ही टोकांची योक एका रेषेत असावी लागतात. सरकता जोड एक दात जरी चुकीचा बसला तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते. मग मालक चाकं बॅलन्स करत बसतो आणि थरथर काही जात नाही.

फ्लँजचे चार नट काढा. यू-बोल्टचा जोड असेल तर मोकळ्या होणाऱ्या दोन वाट्यांवर आधी टेप गुंडाळा, नाहीतर वाटी पडते आणि सुया जमिनीवर सांडतात. शाफ्ट अडकला असेल तर टॉमीने (लोखंडी दांड्याने) हळू उचका. शाफ्टच्या नळीवर हातोडी मारू नका, नळीला पोचा पडला की बॅलन्स गेला.

जुना क्रॉस काढणे

चारही लॉक काढा. गंजाने धरले असतील तर तेल सोडून अर्धा तास थांबा आणि वाटीच्या तोंडावर हलकी एक टिचकी द्या; वाटी केसभर आत गेली की लॉक सुटतं. आता व्हाइसमध्ये एका बाजूला लहान गोटी वाटीवर, दुसऱ्या बाजूला मोठी गोटी योकवर, आणि व्हाइस आवळत जा. समोरची वाटी मोठ्या गोटीत बाहेर येते. मग उलटं करून दुसरी.

योकची भोकं पॉलिश पेपरने हलकेच साफ करा, गंज निघाला की थांबा. जास्त घासलं तर भोक मोठं होतं आणि वाटी आत फिरायला लागते. नवी वाटी बोटाने सहज आत जात असेल तर योकच गेलं. ते काम कळंबोलीकडच्या ट्रकच्या शाफ्टवाल्यांकडे द्या. योक बदललं की शाफ्टचं बॅलन्सिंगही करून घ्या.

नवा बसवणे

इथेच सगळ्यात जास्त क्रॉस वाया जातात. नव्या वाटीत सुया उभ्या टेकून राहतील एवढं ग्रीस भरा. एक वाटी योकमध्ये अर्धी आत ढकला. क्रॉस आत घालून त्याचं टोक त्या वाटीत शिरवा आणि बोटांनी तसंच धरून ठेवा, मग समोरची वाटी लावा. व्हाइसने दोन्ही वाट्या आत जात असताना मधूनमधून क्रॉस हलवून बघा. तो लोण्यातून फिरल्यासारखा फिरला पाहिजे.

आवळताना अचानक जोर लागायला लागला आणि लॉकची खाच अजून दिसत नाही, तर तिथेच थांबा. एखादी सुई आडवी पडून वाटीच्या तळाशी गेली आहे. आणखी आवळलं तर सुई चुरते किंवा वाटी फुटते. वाटी काढा, सुया मोजून परत उभ्या करा आणि पुन्हा सुरुवात करा.

लॉक बसल्यावर क्रॉस चारही बाजूंना हाताने वाकवा. एका बाजूला कडक वाटला तर योकच्या कानाला लाकडी हातोडीने हलकी टिचकी द्या, वाटी लॉकला टेकते आणि क्रॉस मोकळा होतो. तरीही कडक राहिला तर तो गाडीला लावू नका. निप्पल ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला आलं पाहिजे, हे वाट्या दाबायच्या आधी बघायचं.

सरकत्या जोडाला ग्रीस, पंचाचे ठिपके समोरासमोर, बोल्ट एकाआड एक आवळा. शेवटी निप्पलमधून चारही वाट्यांच्या सीलकडून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. एका वाटीतून येत नसेल तर शाफ्ट फिरवून पुन्हा मारा.

पुढच्या शाफ्टबद्दल एक. फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे किंवा सोडणारे भाग) मोकळे ठेवले की टू-व्हीलमध्ये तो शाफ्ट फिरतच नाही. महिनोन्महिने सुया एकाच जागी, पाणी खालच्या वाटीत. म्हणून महिन्यातून एकदा हब लॉक करून, लिव्हर टू-व्हीललाच ठेवून पाच-सात किलोमीटर गाडी फिरवा. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकू नका. पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे नसल्यामुळे वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या अंतरातला फरक शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो आणि तो सगळा क्रॉसवर येतो.

नवे क्रॉस बसल्यावर साधारण १०० किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासा. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी, घरी आल्याआल्या ग्रीस मारा. आत गेलेलं पाणी बाहेर ढकलायचा दुसरा मार्ग नाही.