कायदा खरंच समानता आणतोय का, हे तपासायचं कसं

'सर्वांना समान वागणूक' हे वाक्य वाचून लगेच खूश होऊ नका, ते जवळपास प्रत्येक देशाच्या कागदावर असतं. एखादा कायदा किंवा व्यापार करार आला की मी काय काय बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी व्याख्यांचं कलम उघडा, प्रस्तावना नंतर वाचली तरी चालते. अमेरिकेचा १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा घ्या, म्हातारपणी पेन्शन देणारा, त्यात वर्णाबद्दल अवाक्षर नाही. पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले, आणि दक्षिणेतले बरेचसे काळे कामगार नेमके याच कामांत होते. मुद्दाम केलं की वर्गणी वसूल करणं अवघड म्हणून केलं यावर इतिहासकार अजून भांडतायत, पण ज्याला पेन्शनच लागू झाली नाही त्याला त्या भांडणाचं काय करायचंय! ही कामं १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने आत घेतली, म्हणजे मधली वर्षं गेली ती गेलीच. म्हणून 'कामगार', 'कुटुंब', 'मालक' म्हणजे कोण, हे आधी बघायचं आणि बाहेर कोण राहिलं त्याची यादी करायची.

मग बघा की शेवटचा होकार कोणाच्या हातात आहे. १९४४ च्या जीआय बिलात युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्जाची सोय होती, पण कर्जाला सरकार फक्त हमी देणार आणि द्यायचं की नाही ते मुख्यतः बँका ठरवणार, त्यामुळे कितीतरी काळ्या सैनिकांच्या हातात नकारच आला. घर नाही म्हणजे मुलांसाठी मागे ठेवायला मालमत्ता नाही, आणि हा फरक पुढच्या पिढीलाही पुरतो.

तक्रार कोणी करायची हेही बघाच, हे बरेच जण विसरतात. समान पगाराचा कायदा असून भागत नाही, कारण शेजारच्याला किती मिळतात हे बाईला कळणार कसं, आणि कळलं तरी नोकरी सांभाळून भांडणार कशी? आइसलँडने २०१८ मध्ये हे उलटं केलं, २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनेच आपण समान कामाला समान पगार देतो याचं सर्टिफिकेट मिळवायचं, असा नियम आणला. मला हा नियम भाषणांपेक्षा जास्त पटतो.

वारसा आणि मालमत्तेचे हक्क तर तपासाच. इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याआधी लग्न झालेल्या बाईची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची, तिथे बायकांसाठी मतदानाच्या हक्काआधी हा प्रश्न होता.

आता व्यापार. इथे 'देशाला फायदा' हा शब्द आला की सावध व्हा, देशात कोणाला ते विचारा. ब्रिटनमध्ये १८१५ च्या धान्य कायद्यांनी बाहेरचं धान्य अडवलं, जमीनदारांचं बरं झालं आणि शहरातल्या मजुराला ब्रेड महाग पडला, शेवटी १८४६ मध्ये ते रद्द झाले. उलट बाजूही आहे. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, तिथली निर्यात धडाधड वाढली, कोट्यवधी लोक गरिबीतून वर यायला तिचा मोठा हातभार लागला, आणि त्याच वेळी अमेरिकेत फर्निचर, कापड वगैरेंवर जगणाऱ्या गावांतल्या नोकऱ्या गेल्या आणि सगळ्यांना दुसरीकडे तेवढ्या पगाराचं काम काही मिळालं नाही. म्हणजे एकाच व्यापाराने देशादेशांतली दरी कमी होते आणि एका देशाच्या आतली वाढू शकते, दोन्ही खरंय, त्यामुळे कोणी एकच बाजू सांगत असेल तर दुसरी मागून घ्या. आणि ज्यांचं काम जाणार त्यांच्यासाठी करारासोबत ट्रेनिंग, भत्ता असं काही ठेवलंय का तेही शोधा, नुसतं आश्वासन नको, त्याला पैसे कुठून येणार ते लिहिलेलं पाहिजे.

आकडे बघताना विषमता मोजणारा गिनी निर्देशांक दिसेल, ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकाकडेच. पण तो उत्पन्नाचा आहे की संपत्तीचा ते आधी बघा. स्वीडनमध्ये कर आणि सरकारी मदत धरून उत्पन्नातली विषमता जगाच्या मानाने कमी आहे, संपत्तीतली मात्र बरीच जास्त, आणि एकच आकडा दाखवला तर त्याच देशाचं चित्र पाहिजे तसं रंगवता येतं.